भावी शिक्षकांना शाळेतला दुसरा दिवसही दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवी आणि बी.एड. एकत्र देणाऱ्या चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.विषयी सध्या वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येतं. प्रवेश परीक्षा, जागा, शुल्क, आधीच बी.एड. झालेल्यांचं पुढे काय, या सगळ्यावर चर्चा चालू आहे. पण ही मुलं शिकवायला शिकणार कुठे आणि कुणाच्या हाताखाली, याबद्दल मला फारसं कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं तरी कृपया छापावं.

मी रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या पहिली ते आठवीच्या शाळेत पदवीधर शिक्षिका आहे. सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. शाळेत ठाकर आणि कातकरी वाड्यांवरची मुलं बरीच आहेत. दरवर्षी आमच्याकडे आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावासाठी, छात्राध्यापक (शिकाऊ शिक्षक) येतात, कधी बी.एड.चे, कधी डी.एल.एड.चे. ते येतात, पाठ घेतात, सह्या-शिक्के घेऊन जातात. मला विद्यापीठांना आणि शिक्षण विभागाला एवढंच सांगायचं आहे की शिक्षक तयार करण्याच्या कामात सरकारी शाळेला सोयीची जागा म्हणून वापरू नका, बरोबरीची भागीदार म्हणून घ्या. आणि हे आता, अभ्यासक्रम बदलतोय तोवरच करा.

आत्ताच का, तर मोठा फरक पडतो आहे. आजवर आपल्या राज्यात पहिली ते पाचवीचा शिक्षक विद्यापीठात घडतच नव्हता. तो डी.एड. करून, म्हणजे आताचं डी.एल.एड. करून येई. तो अभ्यासक्रम राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा आणि त्याची परीक्षा घेणार राज्य परीक्षा परिषद. विद्यापीठाचा संबंध बी.एड.पासून पुढे, म्हणजे वरच्या वर्गांशी. बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीला घ्यावं की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की प्राथमिकला डी.एल.एड.च लागेल. कारण साधं होतं. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं काम आहे आणि बी.एड.मध्ये ते शिकवलं जात नाही.

आता राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० म्हणतं की २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता असेल. २०२३-२४ पासून निवडक संस्थांत ती सुरूही झाली. तिच्यात पायाभूत आणि पूर्वतयारी असे स्तर आहेत, म्हणजे अंगणवाडीच्या वयापासून पाचवीपर्यंतची मुलं आली. थोडक्यात, ज्या विद्यापीठांना पहिलीच्या वर्गात पाऊल टाकायची आजवर गरज पडली नव्हती, तीच आता पहिलीचा शिक्षक घडवणार. पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे नाही. तो आमच्याकडे आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत आणि वाड्यावस्त्यांवर पहिलीचा वर्ग म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेचाच वर्ग.

सध्याची आंतरवासिता कशी चालते ते सांगते. २०१४ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, चार पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या वर्षी. कागदावर ही चांगली तरतूद आहे. प्रत्यक्षात महाविद्यालयाकडून एक पत्र येतं, सोबत नावांची यादी. मुख्याध्यापक वेळापत्रकातून रिकामे तास शोधून देतात. छात्राध्यापक येतात ते पाठाच्या दिवशी. हातात पाठ टाचण, गुंडाळलेले तक्ते, पुठ्ठ्याची प्रतिकृती. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ, सगळं क्रमाने. मागच्या बाकावर सहाध्यायी निरीक्षण लिहीत असतात. मार्गदर्शक प्राध्यापक आले तर एखादा पाठ थोडा वेळ बघतात, टाचणवहीवर शेरा देतात आणि पुढच्या शाळेत जातात, कारण त्यांच्याकडे त्या दिवशी आणखी दोन-तीन शाळा असतात. शेवटी उपस्थितीच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही. काही वेळा तो दाखला आधीच भरून आणलेला असतो. ‘नॉन-अटेंडिंग’ बी.एड., म्हणजे हजर न राहताच मिळणारं बी.एड., हे आमच्या भागात चहाच्या टपरीवरही ठाऊक आहे. मी कुठल्या एका महाविद्यालयाबद्दल बोलत नाही. ही सर्रास पद्धत झाली आहे आणि तिची किंमत मुलं मोजतात.

यात सगळ्यात मोठं नुकसान कोणतं, ते एका तासावरून सांगते.

सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज. छात्राध्यापिका हुशार आणि मनापासून तयारी केलेली. रंगीत तक्ता, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. छेद समान करायचे, तीन षष्ठांश अधिक दोन षष्ठांश, उत्तर पाच षष्ठांश. तिने विचारलं, “समजलं का?” सगळा वर्ग एका सुरात, “हो बाई!” मागे बसलेल्या प्राध्यापकांनी छान शेरा लिहिला. पाठ खरंच चांगला होता.

दुसऱ्या दिवशी तोच वर्ग माझ्याकडे. मी तेच उदाहरण वहीत सोडवायला दिलं. निम्म्याहून अधिक वह्यांत उत्तर होतं दोन पंचमांश. वरचे दोन अंक मिळवले, खालचे दोन मिळवले, झालं. आदल्या दिवशी “हो बाई” म्हणणारीच ही मुलं. आणि ती छात्राध्यापिका त्या दिवशी आमच्या शाळेत नव्हती. तिचा पुढचा पाठ दुसऱ्या घटकावर होता, दुसऱ्या वर्गाला. तिला हे कधी कळलंच नाही. तिच्या संचिकेत तो पाठ यशस्वी म्हणून लागला आणि ती गुण घेऊन गेली.

शिकवण्याचं खरं काम इथे, दुसऱ्या दिवशी सुरू होतं. काल सांगितलेलं मुलांच्या डोक्यात कोणत्या रूपात बसलं, हे बघायचं. चूक कुठून येते ते हुडकायचं. मूल आळशीपणाने नाही तर काहीतरी विचार करूनच चुकतं, हे मान्य करून तो विचार बाहेर काढायचा. हे कोणत्याही पुस्तकातून येत नाही आणि एकेका सुट्या पाठातून तर येतच नाही. ते त्याच वर्गात, त्याच मुलांसोबत दिवसामागून दिवस राहिल्याने येतं, आणि शेजारी एखादा अनुभवी शिक्षक असेल तर लवकर येतं. आपल्या सराव पाठांच्या पद्धतीत दुसरा दिवस नाहीच. प्रत्येक पाठ पहिलाच असतो.

हे होऊ शकतं, असं मी म्हणते ते ऐकीव नाही. एका वर्षी एक प्राध्यापिका स्वतःहून आमच्याकडे आल्या. त्या गणित अध्यापन पद्धती शिकवत. म्हणाल्या, मला माझ्या विद्यार्थिनींबरोबर काही आठवडे सलग तुमच्या सहावीच्या वर्गात बसू द्या, आणि अधूनमधून शिकवूही द्या. मुख्याध्यापकांनी होकार दिला. पहिल्याच आठवड्यात दोन पंचमांश पुन्हा आलं, ते येणारच होतं. या वेळी छात्राध्यापिका तिथेच होती, मी होते आणि तिच्या प्राध्यापिकाही होत्या. शाळा सुटल्यावर आम्ही तिघी व्हरांड्यात वह्या घेऊन बसलो. नियम पुन्हा सांगून उपयोग नाही, हे तिघींनाही पटलं. दुसऱ्या दिवशी छात्राध्यापिकेने कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापून आणल्या. मुलांनी एक पट्टी घडी घालून अर्धी केली, दुसरी तीन भागांत, तिसरी पाच भागांत. मग तिने एवढंच सांगितलं की अर्धी पट्टी आणि दोन पंचमांश पट्टी शेजारी ठेवा.

दोन पंचमांश आखूड भरली.

वर्गात थोडा वेळ गलका झाला. मग मागच्या रांगेतली, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, “बाई, अर्ध्यात अजून घातलं तर अर्ध्याहून कमी कसं होईल?” त्या दिवशी छेद समान करण्याची गरज मुलांनीच मागितली. ती छात्राध्यापिका आज दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला आहे आणि अजून मला फोन करून विचारते की या घटकाला मुलं अडतात, तुम्ही काय करता. त्या प्राध्यापिकांनीही नंतर सांगितलं की आपल्या तासाला अपूर्णांक शिकवण्याची त्यांची पद्धत त्या आठवड्यांनंतर बदलली. यासाठी कोणताही निधी नव्हता, आदेश नव्हता, करार नव्हता. एका व्यक्तीच्या इच्छेवर ते झालं आणि त्यांची बदली झाल्यावर थांबलं. जे एका भल्या माणसावर अवलंबून आहे, ते व्यवस्थेचा भाग का असू नये?

वैद्यकीय शिक्षणात आपण हे कधीच मान्य केलं आहे. मुंबईचं केईएम हे महापालिकेचं रुग्णालय, गोरगरिबांचं, आणि त्याला जोडूनच सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय. जे प्राध्यापक शिकवतात तेच वॉर्डात रुग्ण तपासतात आणि विद्यार्थी त्यांच्यामागे उभे राहून शिकतात. स्वतः रुग्णाला हात न लावता रुग्ण तपासायला शिकवणारा प्राध्यापक आपण चालवून घेतला नसता. मग अध्यापन शिकवणारे प्राध्यापक वर्षानुवर्षं एकाही खऱ्या वर्गाला शिकवत नाहीत, हे आपल्याला का चालतं? त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांच्या पदोन्नतीच्या गुणांकनात शोधनिबंध मोजला जातो, परिषदेतली उपस्थिती मोजली जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत घेतलेला तास मोजला जात नाही. तो मोजा, मग बघा किती जण येतात.

महाराष्ट्राने तर हा धडा महागात घेतलेला आहे. २००८ च्या सुमारास आपल्याकडे डी.एड. संस्थांचं पेव फुटलं होतं. २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातूनच २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. तपासणीत त्यांतल्या बहुतेक संस्था अपात्र ठरल्या. २०१२ मध्ये आयोगाने अहवाल दिला आणि त्यानंतरच बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं, आंतरवासिता वाढली. म्हणजे देशभरातल्या शिक्षक शिक्षणाचे नियम बदलले ते आपल्या राज्यातल्या प्रकरणावरून. त्यानंतर वाढलेल्या आठवड्यांचं आपण काय केलं, हे तपासायला हवं. आता तर चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचं बी.एड. पुन्हा आणण्याचा मसुदाही २०२५ मध्ये आला. वर्ष कमी करा नाहीतर वाढवा. शाळेतला काळ कसा घालवला जातो ते बदललं नाही, तर त्या आकड्यांना अर्थ नाही.

विद्यापीठं आणि गावातल्या शाळा एकत्र काम करू शकत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी जुने प्रयोग आठवावेत. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात, आताच्या नर्मदापुरममध्ये, १९७२ साली सोळा सरकारी शाळांच्या सहावी ते आठवीच्या वर्गांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ, प्राध्यापक तिथे जात आणि शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करत. प्रयोग फसला की का फसला यावर तासन्‌तास चर्चा होई. दर महिन्याला शिक्षकांची बैठक भरे आणि वर्गात आलेल्या अडचणी तिथे मांडल्या जात. १९७८ पासून तो कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात पोचला. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, याचं मला आजही वाईट वाटतं. पण तीस वर्षं तो सरकारी शाळांतच, सरकारी शिक्षकांनीच चालवला, हे विसरता येत नाही.

आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या ग्रामीण शाळांतून असंच काम केलं. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर राहिल्या. पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालल्या आणि बालसेविकांचं प्रशिक्षण तिथेच, त्या मुलांमध्ये झालं. मूल जिथे आहे तिथेच शिक्षक तयार करायचा, हा विचार आपल्याच मातीत होता. फिनलंडचे दाखले आपण हौसेने देतो. तिथे विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत आणि तिथले शिक्षक विद्यापीठाचेच कर्मचारी असतात, हे खरं आहे. पण आपल्याला नव्या शाळा बांधायची गरज नाही. शाळा आहेत. केंद्रशाळा आहे, तिच्याभोवती दहा-बारा शाळांचं केंद्र आहे, केंद्रप्रमुख आहेत, केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. विद्यापीठाने अशी काही केंद्रं किमान पाच-सहा वर्षांसाठी जोडून घ्यावीत. दरवर्षी नवी शाळा, नवं पत्र, नवी यादी नको. त्याच शाळेत विद्यार्थ्यांची तुकडी मागून तुकडी यावी, म्हणजे आधीच्यांनी काय केलं ते पुढच्यांना कळेल आणि शाळेलाही त्याचा हिशेब ठेवता येईल. केंद्राच्या शिक्षण परिषदेला प्राध्यापकांनी यावं आणि भाषण न करता ऐकावं. एखाद्या शिक्षकाने “चौथीतली चार मुलं जोडाक्षरापाशी अडली आहेत” असं सांगितलं, तर त्यावर महिनाभर काम करून पुढच्या परिषदेत बोलावं. छात्राध्यापकांच्या प्रकल्पांचे विषय तिथून निघावेत. आज ते मागच्या वर्षीच्या संचिकेतून निघतात.

वेळेचाही प्रश्न आहे आणि तो आमच्या भागात फार महत्त्वाचा आहे. आमच्याकडे जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा वर्ग भरलेला असतो. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात. मुलंही जातात. पाचवीत तीस नावं असतील तर बाकांवर वीस दिसतात. काहींना आजीजवळ ठेवायला पालकांना विनवावं लागतं, काहींची नावं भट्टीजवळच्या शाळेत लावायची खटपट करावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये त्यातली काही परततात आणि मधले चार महिने त्यांच्या वहीत कोरे असतात. मुलगा वर्गात बसलेला असतो, पण भागाकाराचा धडा त्याच्या आयुष्यात आलेलाच नसतो. छात्राध्यापक येतात ते बहुधा पावसाळ्यानंतर, सोयीच्या दिवसांत. भरलेला वर्ग रिकामा होताना ते बघत नाहीत आणि परत आलेल्या मुलाला कसं सामावून घ्यायचं हे शिकत नाहीत. नोकरी लागल्यावर मात्र हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. म्हणून किमान एका वर्षी तरी आंतरवासिता शाळेच्या पूर्ण सत्राबरोबर चालावी. पहिल्या दिवशीच्या प्रवेशोत्सवापासून निकालाच्या दिवसापर्यंत, आठवड्यातले ठरावीक दिवस का होईना.

पहिली-दुसरीतली ठाकर वाडीवरची मुलं घरची बोली घेऊन शाळेत येतात. त्यांच्याशी प्रमाण मराठीत बोलायला सुरुवात केली की ती गप्प होतात, आणि नवा शिक्षक समजतो की मूल मंद आहे. हा गैरसमज दूर व्हायला वाडीवर जाऊन पालकांजवळ बसावं लागतं. मला वाटतं, छात्राध्यापकाला पहिल्या महिन्यात पाठच घ्यायला लावू नयेत. त्याने मुलांच्या मागे फिरावं, पोषण आहाराच्या पंगतीत बसावं, वाडीवर जावं. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन इयत्ता कशा सांभाळतात, ते जवळून बघावं. बहुवर्ग अध्यापनावर परीक्षेत आठ गुणांचं उत्तर लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. प्रत्यक्ष दोन इयत्ता समोर आल्या की ती भांबावतात.

आता मार्गदर्शक शिक्षकाचं बोलते. शाळेतला जो शिक्षक छात्राध्यापकाला रोज शिकवतो, त्याचं आज कागदावर स्थान काय? दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही, गुण महाविद्यालयाचे. वर्गशिक्षकाला कुणी विचारत नाही की ही मुलगी कशी शिकवते. माझ्या मते आंतरवासितेच्या गुणांत किमान निम्मा वाटा शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाचा हवा. त्याला विद्यापीठाने निवडून, थोडं प्रशिक्षण देऊन, मार्गदर्शक म्हणून रीतसर नेमावं. मानधन द्यावं आणि सेवापुस्तकात नोंद व्हावी. दोन दिवसांच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रं आमच्याकडे ढिगाने आहेत. एक चांगला शिक्षक घडवल्याचा कागद कुणाकडेच नाही. त्याबरोबर आमच्यावरही जबाबदारी येईल आणि ती आली पाहिजे. काही शाळांत छात्राध्यापक आले की त्यांना मोकळे वर्ग सांभाळायला देतात, कारण शिक्षक निवडणुकीच्या, मतदार याद्यांच्या, ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामाला गेलेले असतात. शिक्षक कमी आहेत हे खरं, पण शिकायला आलेल्याला बदली कामगार करणं चुकीचं आहे. करारातच तसं लिहावं.

पैशाचा मुद्दाही टाळता येणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या मुलींपैकी कित्येक जणी एसटीने किंवा लोकलने कर्जतला उतरून पुढे शेअर रिक्षा करून येतात. भाडं स्वतःच्या खिशातलं. वैद्यकीय आंतरवासितांना विद्यावेतन मिळतं. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये पदवीधरांना महिना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरलं, बारावी झालेल्यांना सहा हजार, आणि त्यांतले कितीतरी तरुण जिल्हा परिषद शाळांतच काम करत होते. शाळेत वेळ देणाऱ्या तरुणांसाठी राज्य पैसे काढू शकतं, हे त्यावरून दिसलं. मग शिक्षक होण्यासाठीच शिकणाऱ्यांना निदान प्रवासखर्च आणि दुपारचं जेवण तरी द्यायला काय हरकत आहे? फुकट राबवून घेतलं की माणूस हजेरीपुरता येतो.

जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपलं डाएट, या सगळ्यात दुवा होऊ शकतं. १९८६ च्या धोरणानंतर ती त्यासाठीच निघाली. आमच्या जिल्ह्याचं डाएट पनवेलला आहे. विद्यापीठ, डाएट आणि केंद्र या तिघांचा एक करार असला, तर शाळेला कुणाचं पत्र मानायचं हा रोजचा गोंधळ संपेल. पण त्यासाठी डाएटमधली रिक्त पदं आधी भरली पाहिजेत.

माझी शेवटची विनंती मुंबई विद्यापीठाला आणि राज्यातल्या इतर सर्व विद्यापीठांना आहे. एकात्मिक बी.एड.चा अभ्यासक्रम ज्या अभ्यास मंडळांत ठरतो, तिथे जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळेत आज शिकवत असलेला एक प्राथमिक शिक्षक बोलवा. निवृत्त अधिकारी नको, सोमवारी सकाळी परिपाठ घेऊन पहिलीच्या वर्गात जाणारा हवा. निमंत्रित म्हणून बोलवा, पण आंतरवासितेच्या मसुद्याची चर्चा त्याच्यासमोर करा. आमच्या तालुक्यातून असं कुणी हवं असेल, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पत्र पाठवावं. यायला तयार असलेल्या शिक्षकांची नावं आम्ही केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत ठरवून कळवू.

आपली,
एक पदवीधर शिक्षिका
जिल्हा परिषद शाळा, ता. कर्जत, जि. रायगड

(सेवेत असल्यामुळे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. नाव व पत्ता सोबत दिला आहे.)